लेकरू मागच्या सीटवर आणि गाडीत तुम्ही एकट्याच

लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. नांदेडहून निघालात तर साडेचारशेच्या पुढे. नवरा पुण्यात कंपनीत आणि बायको इकडे शाळेत, बँकेत नाहीतर दवाखान्यात नोकरीला, अशी घरं मराठवाड्यात आता कमी नाहीत. दोन-अडीच वर्षांचं लेकरू आईजवळ असतं आणि सुट्ट्या जोडून आल्या की भेटीला निघायचं असतं. पूर्वी अशा प्रवासाला भाऊ, दीर, सासू असं कुणीतरी सोबत यायचंच. आता दारात गाडी आहे, ती चालवणारीचा हात पक्का आहे, पण बरोबर यायला घरात कुणी मोकळं नाही. नांदेडहून हैदराबादला बहिणीकडे किंवा लातूरहून नागपूरला माहेरी जाणंही असंच. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आई आहे, पण लेकराला घेऊन एकट्याने निघालेल्या बापालाही यातलं सगळं लागू आहे.

गाडीत दोन मोठी माणसं असली की कामं आपोआप वाटली जातात. एक जण गाडी चालवतो, दुसरा मागे वळून पाणी देतो, खेळणं उचलतो, नाक पुसतो. एकटं असताना दोन्ही कामं एकाच माणसाच्या अंगावर येतात आणि ती एकाच वेळी उरकायचा मोह होतो. खरा धोका या मोहात आहे. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. खाली पडलेली बाटली चाचपायला दोन सेकंद मान वळवली, तर ४४ मीटर रस्ता तुम्ही न बघताच मागे टाकलेला असतो. शेतातल्या वाटेवरून एखादी मोटारसायकल थेट हायवेवर चढायला एवढं अंतर भरपूर झालं. म्हणून नियम एकच, आणि पुढे लिहिलेली सगळी तयारी त्याच्यासाठी आहे: चाकं फिरत असताना मागच्या सीटवरचं कुठलंही काम करायचं नाही. द्यायचं, पुसायचं, उचलायचं, सोडवायचं, ते गाडी बाजूला उभी करून. तोंडाने खुशाल बोला, गाणी म्हणा. हात आणि मान मात्र पुढेच ठेवा.

आधी गाडीनेच जायचं का, हे ठरवा. लेकराला ताप किंवा जुलाब असतील, तुमची आदली रात्र जागरणात गेली असेल किंवा तीन-चार तास सलग हायवेवर गाडी चालवायची सवयच नसेल, तर उत्तर 'नाही' हेच आहे. लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्रीतून पुण्याला पोचवते. नांदेडहून मुंबईकडे ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही सुरू झाली आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही. रेल्वेत लेकराला मांडीवर घेता येतं, डब्यात फिरवता येतं. गाडी आपल्या दारात उभी आहे एवढ्याच कारणाने ती काढायची गरज नाही.

सीटशिवाय निघू नका

एकटीने निघायचं तर चाइल्ड सीटला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. सोबत कुणी असलं की लेकराला मांडीवर घेतलं जातं. तेही चूकच, पण निदान कुणीतरी धरलेलं असतं. एकटी बाई असली की लेकरू पुढच्या सीटवर मोठ्यांच्या बेल्टमध्ये बसतं, नाहीतर मागे मोकळं सोडलं जातं आणि दोन सीटांच्या मधे येऊन उभं राहतं. पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोच्या लेकराचा भार तेवढ्या क्षणात तीनशे किलोंच्या घरात जातो. कुठलाच हात तो धरू शकत नाही. मोठ्यांचा बेल्ट लहान मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो, त्यामुळे तोच इजा करतो. पुढच्या सीटसमोरची एअरबॅग तर मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज धरून बसवलेली असते.

कायद्यानेही हे बंधनकारक आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे हा दंड क्वचितच होतो, पण सीट काही पोलिसांसाठी घ्यायची नसते.

घेताना सीटवर आर-४४ किंवा आर-१२९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा शिक्का आहे ना, ते पाहा. भारतीय प्रमाण एआयएस-०७२ असं आहे. चार-पाच हजारांपासून पुढे सीट मिळतात. कुणाची वापरलेली घेणार असाल तर ती अपघातातून गेलेली नाही, हे ओळखीच्या माणसाकडून खात्रीने कळलं तरच घ्या. आपल्या गाडीत आयसोफिक्सचे हुक आहेत का, तेही तपासा. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथल्या फटीत बोटं घातली की लोखंडी कड्या लागतात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत त्या असतात. नसतील तर बेल्टने बसणारी सीट घ्या. बसवून झाल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त सरकली तर ती सैल आहे.

तोंड मागच्या बाजूला करून बसणं लहान मुलाच्या मानेसाठी सर्वांत सुरक्षित. आर-१२९ नुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तोवर दोन वर्षांनंतरही तसंच ठेवलेलं चांगलं. अशी सीट एअरबॅगसमोर, म्हणजे पुढे, कधीच लावायची नाही. मागे डाव्या खिडकीशी लावा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी कडेला उभी केली की लेकरू रस्त्याच्या नाही, तर कडेच्या बाजूने उतरतं, आणि तुमच्या सीटवरून तिरकं पाहिलं तर थांबल्यावर लगेच दिसतंही.

पट्टा किती घट्ट असावा? लेकराच्या खांद्यापाशी चिमटीत धरून पाहा. चिमटीत पट्टा आला तर आणखी आवळा. डिसेंबर-जानेवारीत नांदेड-लातूरकडे पहाटे चांगलीच थंडी पडते आणि लेकराला जाड जाकिटासकट बसवलं जातं. जाड कपड्यांमुळे पट्टा घट्ट वाटतो, धक्क्यात मात्र कपडा दबतो आणि लेकरू त्यातून निसटतं. जाकीट काढा, पट्टा आवळा आणि वरून शाल पांघरा.

सीटची सवय लावायला निदान दोन आठवडे हातात ठेवा. पहिले काही दिवस सीट घरातच हॉलमध्ये ठेवा. त्यात बसून खाऊ दे, बाहुली बसवू दे. मग लातूरहून औशापर्यंत किंवा नांदेडहून विष्णुपुरीपर्यंत अशा छोट्या चकरा मारा. रडलं तर गाडी थांबवा, शांत करा, पुन्हा बसवा, पण पट्टा सोडून गाडी पुढे नेऊ नका. 'रडलं की पट्टा सुटतो' हे एकदा कळलं की सव्वातीनशे किलोमीटर ते तेच करेल. शेवटी मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा आणि खिडक्यांचं बटण तुमच्या बाजूने बंद ठेवा.

निघायची वेळ, ऊन आणि हंगाम

'लेकरू झोपलेलं असेल, रात्री निघ' हा सल्ला घरोघरी मिळतो. लेकरू झोपेल हे खरं, पण रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात तुमच्याही शरीराला झोप हवी असते आणि डुलकी लागली तर हाक मारायला शेजारी कुणी नसतं. त्यातून आपल्याकडचे रस्ते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसतोड चालते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालत असतात, बंद पडले तर रस्त्यातच उभे राहतात. सोयाबीन निघाल्यावर रस्त्याच्या अर्ध्या भागात राशी आणि त्यांच्या कडेला लावलेले दगड असतात. म्हणून उजेड असेल तेवढाच प्रवास करा. साडेपाच-सहाला निघा आणि त्यासाठी आदल्या रात्री नऊला झोपा. बॅगा संध्याकाळीच गाडीत गेल्या पाहिजेत.

लातूरहून पुण्याला जाताना गाडीचं तोंड पश्चिमेकडे असतं. सकाळचा सूर्य मागच्या काचेतून येतो आणि मागे तोंड करून बसलेल्या लेकराच्या थेट डोळ्यांत शिरतो. मागच्या काचेला आरशातून रस्ता दिसेल अशी विरळ जाळी लावा. थंडीत दिवसभर सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे डाव्या खिडकीत, लेकराच्याच बाजूला. तिथे काचेत अडकवलेला पातळ सुती कपडा चालतो. नांदेडहून लातूरला येताना सकाळचं ऊन डावीकडून, परतताना उजवीकडून. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर सरळ येतो. तेव्हा खिडकीतून ऊन कमी येतं, पण छत तापतं आणि एसीला दम लागतो. एप्रिल-मेमध्ये साडेअकरा-बाराच्या आत पोचता येईल एवढंच अंतर ठेवा, किंवा दुपारभर कुणाकडे तरी थांबून चारनंतर पुढे निघा, तेही मुक्काम दिवसाउजेडी गाठता येत असेल तरच.

पंचांग पाहून निघा, असं मी म्हणते ते मुहूर्तासाठी नाही. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत अशी पुणे-सोलापूर रस्त्यानेच जाते आणि वाहतूक वळवलेली असते. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरकडे जाणारे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात. मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, तेव्हा नांदेड-लातूर रस्त्यावर तासाचे दोन तास होतात. मोठ्या माणसाला ते चालतं. सीटमध्ये बांधलेल्या लेकराला थांबलेल्या गाडीत दोन तास फार मोठे असतात.

कुठे थांबायचं

नांदेडहून पुण्याला एकटीने एका दिवसात जाऊ नका. थांबे धरून अकरा-बारा तास लागतात. एवढा वेळ लेकरूही टिकत नाही आणि शेवटच्या दोन तासांत, म्हणजे नेमक्या हडपसरच्या गर्दीत, तुमचंही लक्ष टिकत नाही. पहिल्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला या, हे अंतर दीडशेच्या आत आहे. कुणाकडे तरी रात्र काढा. सख्खं कुणी नसलं तरी मैत्रीण, जुनी सहकारी, आत्याची जाऊ निघतेच. आधी सांगून गेलात तर त्यांनाही बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुढे निघा.

लातूर-पुणे रस्ता मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करत टेंभुर्णीला पुणे-सोलापूर हायवेला लागतो. तिथून इंदापूर, भिगवण, पाटस. पहिला मोठा थांबा बार्शी. साधारण दोन तास होतात आणि कुठल्याही लेकराला सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बार्शीच्या पुढे कुर्डुवाडीपर्यंत ते जेवून झोपलं तर झोपू द्या. दुसरा थांबा टेंभुर्णी किंवा इंदापूर, तिसरा भिगवणच्या पुढे. भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे मासे खायला लोक मुद्दाम थांबतात. एकटीने लेकरू सांभाळत काटे काढत बसण्याची ही वेळ नाही, तो बेत घरचे सोबत असतील तेव्हा करा.

थांबा म्हणजे पंधरा मिनिटांचा चहा नाही. अर्धा तास लागतोच, कारण लेकराला पायांवर चालू द्यायचं असतं. हॉटेलातल्या खुर्चीत बसवलंत तर ते एका सीटमधून दुसऱ्या सीटमध्ये गेलं एवढंच. धाब्याच्या समोरचं अंगण वाहनांचं असतं. त्यापेक्षा रस्त्यालगतच्या देवळाचं आवार चांगलं. सावली असते, स्वच्छ फरशी असते, पाणी असतं आणि एकट्या बाईकडे कुणी वाकडं पाहत नाही. मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. अंगावर पाजायचं असेल तर तिथे आडोसा मिळतो. काही ठिकाणी कुलूप असतं, तेव्हा नियंत्रकाच्या खिडकीवर किल्ली हक्काने मागा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा या सोयी असल्याच पाहिजेत असा नियम आहे. कंपनीने चालवलेले मोठे पंप त्यात बरे.

स्वच्छतागृहात लेकराला बरोबरच न्यायचं, प्रत्येक वेळी. 'दोनच मिनिटं, दिसतंय की इथून' असं म्हणून गाडीत ठेवायचं नाही, पंपावरच्या पोराला 'जरा बघ' असंही सांगायचं नाही. यासाठी पोटाशी बांधायची झोळी किंवा बेबी कॅरियर फार उपयोगी पडतो. दोन्ही हात मोकळे राहतात आणि ओल्या फरशीवर लेकराला उभं करावं लागत नाही. आधी लेकराचा लंगोट किंवा डायपर बदला, मग स्वतः जा.

उन्हात बंद उभ्या गाडीतली हवा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं. बाहेर ४२ अंश असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. उन्हातून परत आल्यावर सीटच्या बकलची लोखंडी पट्टी हाताने तपासा, तिने चटका बसतो. उतरताना सीटवर पांढरं फडकं टाकून ठेवलं की हे टळतं.

किल्लीची एक सवय लावून घ्या. किल्ली गळ्यात किंवा कमरेला बांधलेली असू द्या. लेकराला सीटमध्ये बसवताना ती त्याच्या हातात खेळायला दिली, दार लावून तुम्ही पुढे आलात आणि त्याने बटण दाबलं, असं होतं. पुढचं दार उघडं ठेवूनच मागचं दार लावावं. पेट्रोल भरताना खिडकीतूनच यूपीआयने पैसे द्या. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे का ते घरीच पाहा. टोलवर सुटे शोधत बसण्याएवढे हात तुमच्याकडे नाहीत.

खाणं आणि रडणं

मराठवाड्यातल्या घरातून प्रवासाला निघालं की धपाटे आणि दशम्या बांधल्या जातात. दुधात भिजवलेल्या कणकेची गुळाची दशमी दोन वर्षांच्या लेकरासाठी फार चांगली. मऊ असते, दोन दिवस टिकते, हात खराब करत नाही. सोबत केळी, उकडलेलं रताळं, इडली. धपाट्यात तिखट कमी घालून लेकराचे वेगळे करा. पण दशमीबरोबर हटकून जी पुडी येते, शेंगदाण्याची, फुटाण्याची, ती लेकराच्या हातात देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, खोबऱ्याचा तुकडा, गोळ्या हे चार वर्षांपर्यंत घशात अडकणारे पदार्थ आहेत, आणि गाडी चालवणाऱ्या आईला मागे ठसका लागल्याचा आवाजही येत नाही. अडकलं की आवाज बंदच होतो. म्हणून चालत्या गाडीत फक्त पाणी, तेही सीटला दोरीने बांधलेल्या सिपरमधून. खाणं थांब्यावर, तुमच्या नजरेसमोर.

अडकलंच तर काय करायचं, हे निघण्याआधी पाठ असावं. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ काळे पडत असतील तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. तेवढ्याने निघालं नाही तर मागे बसून मूठ बेंबीच्या वर ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. अडकलेलं निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात, त्याच्या छातीच्या मध्यावर दाबायचं असतं. १०८ ला फोन स्पीकरवर लावा. हे एकदा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या, वाचून हात बसत नाही.

गाडी लागणं साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतं. निघण्याआधी दूध भरपूर पाजू नका, हलकं खायला द्या, काच थोडी उघडा. उलटीचं औषध डॉक्टरांनी वजन पाहून लिहून दिलं तरच द्या. 'प्रवासात शांत झोपेल' म्हणून सर्दी-खोकल्याचं सिरप पाजण्याची पद्धत काही घरांत आहे. ती थांबली पाहिजे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला आहे. झोप आणणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली श्वास मंदावू शकतं. मागच्या सीटवर लेकरू गाढ झोपलंय की त्याचा श्वास मंदावलाय, हे स्टिअरिंगवरून कळत नाही.

आता रडणं. लेकरू रडणारच, हे आधी स्वीकारा. पट्ट्याने बांधलेलं, श्वास नीट चालू असलेलं, पोट भरलेलं लेकरू दहा मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही. त्याच्या रडण्याने घाबरून मागे वळलेली आई मात्र दोघांना धोक्यात घालते. शांत आवाजात बोलत राहा, 'ऐकू येतंय मला, पुढच्या पंपावर थांबते' असं सांगा, आणि सांगितलंत की थांबा. हायवेच्या कडेला पट्ट्यावर गाडी लावून मागे जाणं टाळा, मागून येणारा ट्रक तुमच्यासाठी थांबलेला नसतो. फक्त ठसका, उलटी किंवा अचानक आलेली शांतता असेल तर इंडिकेटर देऊन जिथे असाल तिथे डावीकडे उतरा.

मोबाइलवर कार्टून लावून द्यावं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि त्यापुढे दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं सांगितलं. गाडीतलं माझं कारण त्याहून साधं आहे: खाली बघत राहिलं की मळमळतं, मोबाइल पडतो, आणि पडलेला मोबाइल द्या म्हणून जो आकांत होतो तो कार्टूनच्या आधीच्या रडण्यापेक्षा मोठा असतो. कानाने ऐकायचं द्या. आजीच्या आवाजात दोन-तीन गोष्टी, आजोबांचं एखादं भजन, मामाने नाव घेऊन मारलेल्या हाका हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून घ्या. ओळखीचा आवाज लेकराला धरून ठेवतो. खेळणी मऊ कापडाची, तीन-चारच, आणि छोट्या दोरीने सीटला बांधलेली. पाण्याची स्टीलची बाटली, डबा, छत्री यातलं काहीही मागच्या काचेजवळ मोकळं ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की ते उडून लेकराच्या डोक्याला लागतं.

तुमचा स्वतःचा फोनही विचारात घ्या. 'कुठपर्यंत आलीस?' हा फोन आईचा, सासूचा, नवऱ्याचा, दर अर्ध्या तासाने येतो. काळजीपोटीच येतो, पण तो घ्यायला हात उचलावा लागतो. निघण्याआधी लाइव्ह लोकेशन पाठवा, 'फोन करू नका, बार्शीला थांबले की मीच करते' असं स्पष्ट सांगा.

बिघाड, आजारपण

पंक्चर झालं तर लेकरू गाडीत असताना जॅक लावायचा नाही. ट्यूबलेस टायरमधली हवा हळूहळू जाते. सिगारेट लायटरच्या जागी लागणारा छोटा पंप जवळ असला तर हवा भरून पुढचं पंक्चरचं दुकान गाठता येतं. स्टेपनीत हवा आहे का, हे आदल्या दिवशी पाहा. गाडी रस्त्यातच अडकली तर डाव्या दाराने लेकराला घेऊन उतरा आणि गाडीपासून दूर, कठड्याच्या पलीकडे थांबा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला की मदत मिळते. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

लेकराच्या तापाचं औषध त्याच्या वजनानुसार किती मिली, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच बांधा. ओआरएसची पुडी घ्या. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवायची, वाटीत चिमूटभर टाकून नाही. रसवंतीचा रस बर्फाशिवायही लेकराला देऊ नका. उलट्या थांबत नसतील, सहा तासांत लघवी झाली नसेल, अंग तापलेलं पण घाम नाही आणि लेकरू मलूल, तर पुढे जायचं नाही. बालरोगतज्ज्ञ लातूर, बार्शी, इंदापूर या तिन्ही ठिकाणी आहेत. नांदेडच्या बाजूला असाल तर विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दिवसरात्र उघडं असतं. नांदेड-देगलूर मार्गे हैदराबादला जात असाल तर देगलूरच्या पुढे तेलंगण लागतं. लेकराचं वजन, औषधं आणि ॲलर्जी इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी तिथे कामाला येते.

पोचल्यावर आधी लेकराला घरात न्या, सामान नंतर, तेही दुसऱ्या कुणीतरी. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं ठरवू नका. आणि परतीचा बेत करताना दिशा बदललेली आहे हे लक्षात ठेवा. पुण्याहून लातूरला सकाळी निघालात तर सूर्य लेकराच्या नाही, तुमच्या डोळ्यांत असतो. काच आतून पुसलेली हवी, गॉगल पुढच्या कप्प्यात हवा. शक्य असेल तर सूर्य वर चढल्यावर, साडेआठ-नऊला निघा आणि बार्शीत मुक्काम धरा, म्हणजे येडशीच्या पुढचा ऊसगाड्यांचा पट्टा दुसऱ्या दिवशी उजेडात कापता येतो.